चारातली एक

यीस्टच्या चार बहिणींना एकमेकींपासून वेगळं करणं, हे माझं काम. बत्तीस वर्षं केलं.

दोन वाणांचा संकर करायचा आणि त्या संकराला उपाशी ठेवायचं. मग पेशीच्या आत एका पातळ पिशवीत चार बीजाणू धरतात. पिशवी औषधात भिजवून मऊ करायची, मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक काचेच्या सुईने एकेक बहीण उचलायची आणि जेलीच्या ताटलीवर एका ओळीत, सारखं अंतर ठेवून मांडायची. तीन दिवसांनी प्रत्येकीच्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका उगवतो. आईबापांकडून कुणाच्या वाट्याला काय आलं, ते त्या चार ठिपक्यांवरून कळतं. काम अवघड नाही. फक्त हात हलता कामा नये, आणि त्यासाठी कॉफी बेताने प्यावी लागते. स्वीडनमधल्या आमच्या गोथेनबर्गमध्ये ते फारसं कुणाला जमत नाही. मला जमायचं.

म्हणून फोल्केने मला ठेवलं. फोल्के ब्रांडेलियस, आमचा प्राध्यापक. त्याला आम्ही सगळे 'अरे फोल्के'च म्हणायचो. आमच्याकडे सगळेच सगळ्यांना तू म्हणतात. त्यामुळे कोण वर बसलंय आणि कोण खाली, हे कळायला नव्या माणसाला वर्षभर लागतं. मला आठवडा लागला.

त्याचं नाव झालं ते एका जनुकामुळे. कागदोपत्री त्याला तीन अक्षरं आणि एक आकडा होता, पण आम्ही त्याला 'फाटक' म्हणायचो. पेशीतून काय आत जाईल आणि काय बाहेर, यात त्याचा हात असावा असा फोल्केचा अंदाज. १९९४मध्ये त्याने एका वाणातून हे जनुक काढून टाकलं आणि खारवलेल्या हेरिंग माशांच्या बरणीत असतं तेवढ्या खारट पाण्यात ते वाण सोडलं. बाकीचं यीस्ट मेलं, हे जगलं. मात्र साध्या पाण्यात ते इतरांपेक्षा सावकाश वाढायचं. फोल्केने लेख लिहिला: फाटक काढलं की वाढ मंदावते, पण मिठाचा मारा सोसायची ताकद येते. एक जनुक, एक सौदा. सुटसुटीत गोष्ट होती, लोकांना आवडली. पुढच्याच वर्षी तो प्राध्यापक झाला, आणि संस्थेच्या जेवणघरात आम्ही पावाच्या थरांचा, कोळंबीचा खारा केक कापला.

१९९६च्या मार्चमध्ये त्याने मला एक किरकोळ काम दिलं. फाटक नसलेलं ते वाण एका दुसऱ्या वाणाशी संकरायचं, म्हणजे पुढच्या प्रयोगांना सोयीचं होईल. मी बावीस पिशव्या सोडवल्या. अठ्ठ्याऐंशी बहिणी.

आता फोल्केचं म्हणणं खरं असेल तर काय दिसायला हवं? दर चौघींत दोघी फाटक नसलेल्या. त्याच दोघी सावकाश वाढणार, म्हणजे त्यांचे ठिपके लहान. आणि त्याच दोघी मिठात जगणार. फाटक कुणात नाही हे ओळखणं सोपं होतं. ते काढताना त्या जागी आम्ही एक तुकडा बसवला होता, तो असला की यीस्ट एका औषधाला दाद देत नाही. औषधाच्या ताटलीवर जी उगवली ती फाटक नसलेली.

चौथ्या दिवशी सकाळी मी ताटल्या शेजारी शेजारी मांडल्या. दर चौघींत दोन ठिपके लहान, दोन मोठे. छान. पण औषधाची ताटली शेजारी धरली तर जोड्या जुळेनात. काही लहान ठिपक्यांत फाटक जागच्या जागी होतं. काही मोठ्यांत नव्हतं. मिठाच्या ताटलीवर अठ्ठ्याऐंशीपैकी फक्त एकवीस जगल्या होत्या. चारातली एक. आणि त्या एकवीसही जणी लहानही होत्या, फाटक नसलेल्याही होत्या.

मी शाळेत जीवशास्त्र बारावीपर्यंतच शिकले, तरी मला कळलं. फोल्केच्या वाणात दुसरंही एक जनुक मोडलेलं होतं, कुणाच्या नकळत, फाटक काढतानाच्या धसमुसळेपणात. वाढ मंदावत होती ती त्या दुसऱ्यामुळे. फाटक एकटं गेलं तर काहीच होत नव्हतं. दुसरं एकटं गेलं तर नुसती वाढ मंद. दोन्ही एकदम गेली तरच मिठात जीव टिकत होता. दोघांचं मिळून काहीतरी होतं, जे एकेकट्याच्या हिशेबात बसत नव्हतं.

मी ताटल्या घेऊन त्याच्या खोलीत गेले.

"मीठ नीट विरघळलं नसेल," तो म्हणाला.

"ताटल्या ओव्हेने ओतल्यात." ओव्हे म्हणजे आमच्या खालच्या स्वयंपाकघराचा माणूस. आम्ही तिथे यीस्टचं जेवण शिजवायचो. "आणि मिठाचं सोड, नुसते लहान-मोठे बघ. त्यात मीठ कुठे आलं?"

तो ताटल्या घेऊन खिडकीशी गेला. एक उजेडात धरली, मग दुसरी, मग दोन्ही एकावर एक. बराच वेळ. बाहेर आमचा नेहमीचा आडवा पाऊस चालला होता. त्याच्या मानेवरून मला दिसलं की त्याला कळलंय. माझ्यापेक्षा लवकर कळलं होतं त्याला. शेवटी हुशार होताच तो.

मग वळून म्हणाला, "तुझं मनगट दुखतं का गं अजून?"

आदल्या हिवाळ्यात मी ट्रामच्या थांब्यावर बर्फावर घसरले होते. मनगटाचे दोन तुकडे. आठ महिने सुई धरता येत नव्हती. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती, दुसऱ्या कुणी मला घरी पाठवलं असतं. फोल्केने जागा धरून ठेवली. एवढंच नाही, माझा नवरा तेव्हा नुकताच माल्मोला एका दातांच्या डॉक्टरणीकडे राहायला गेला होता. पोराला पाळणाघरातून आणायला कुणी नव्हतं, तर कितीतरी संध्याकाळी फोल्के स्वतःच्या गाडीतून आणून सोडायचा. पोरगं त्याला आजोबा म्हणायचं. तो बेचाळीस वर्षांचा होता, चिडायचा नाही.

"नाही दुखत," मी म्हणाले.

"दुखतंय. दिसतंय मला. असं कर, हे राहू दे. हे वाण संकराला धड नाहीच. यापुढे संकर नको, आपण त्या मूळ वाणावरच काम करू."

आणि ताटल्या त्याने स्वतः नेऊन कचऱ्यात टाकल्या. उकळायला जाणाऱ्या पिवळ्या पिशवीत. बत्तीस वर्षांत मी त्याला ताटली टाकायला जाताना पाहिलं ते तेवढं एकदा.

मी माझ्या नोंदवहीत लिहिलं: "२२ पिशव्या. ८८ पैकी २१. दुसरं जनुक असणार. फो.ला सांगितलं." तारीख घातली. मे महिन्यात माझी नोकरी पक्की झाली. ती त्यामुळे झाली असं मी म्हणणार नाही. नाही झाली असंही नाही म्हणणार.

पुढे वर्षं गेली. परदेशातून कधीमधी पत्रं यायची, की आम्ही फाटक काढून पाहिलं, आमचं यीस्ट मिठात मरतं. फोल्के त्यांना प्रेमाने उत्तर लिहायचा आणि आमचं १९९४चं मूळ वाण पाठवायचा, टपालाने, कागदाच्या चकतीवर सुकवून. त्या चकतीवरचं यीस्ट मिठात जगायचं. मग ते लोक ओशाळून आभार मानायचे. पाकिटं मीच चिकटवायचे.

२०१४च्या ऑगस्टमध्ये इल्वा आली, डॉक्टरेट करायला. उत्तरेकडची, योकमोकची. सव्वीस वर्षांची, रुंद खांद्यांची. 'होय' म्हणायचं तर तिकडच्या लोकांसारखा झटकन श्वास आत ओढायची. आमच्या दक्षिणेतल्या लोकांना वाटायचं हिला काहीतरी चावलं. पहिल्याच दिवशी साडेनऊच्या कॉफीला तिने खिशातून पिशवी काढली आणि चीजचे तुकडे कॉफीत टाकले.

"अगं, ते पावावर घालायचं असतं," ओव्हे म्हणाला.

"तुम्ही घाला पावावर. तुमच्याकडे रेनडियर नाहीत, अजूनही काय काय नाहीये, नुसता सूर्य आहे. कॉफी तरी नीट प्या."

"चव कशी लागते?"

"मोजा भिजवल्यासारखी. पण गरम मोजा." आणि तिने एक तुकडा त्याच्या कपात टाकला. ओव्हेने तो खाल्ला, आणि त्या दिवसापासून तो तिच्यासाठी ताटल्या आधी ओतायला लागला.

फोल्केने तिला काम दिलं होतं मोठं. बेकरीच्या यीस्टमधून फाटक काढायचं आणि समुद्राच्या पाण्यावर चालेल असं यीस्ट तयार करायचं. गोडं पाणी वाचेल. त्यावर परिषदा होतील. इल्वाने डिसेंबरपर्यंत फाटक काढलं. यीस्ट मजेत वाढलं आणि मिठात मेलं. तिने पुन्हा काढलं. पुन्हा मेलं. दुसऱ्या वाणातून काढलं, तिसऱ्यातून काढलं. शेवटी फोल्केच्याच मूळ वाणाचा पूर्वज फ्रीझरमधून काढून त्याच्यावर केलं. पाच वेळा. पाचही वेळा यीस्ट झपाट्याने वाढलं आणि मिठात मेलं.

सोमवारच्या बैठकीत ती हे आकडे पडद्यावर दाखवायची.

"इल्वा, तुमच्याकडे मीठ मिळतं ना?" फोल्के म्हणाला. "की तिकडे नुसता बर्फ चाटतात?"

सगळे हसले. मीही हसले.

दुसऱ्या वर्षी तो हसवायचा बंद झाला. "काही माणसांना डोकं असतं," तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "काहींना हात असतात. दोन्हींपैकी एक तरी असावं, एवढीच माझी अपेक्षा आहे." इल्वाने वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मी शेजारी बसले होते. पानावर काही नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली. "मायकेन, एक आठवडा माझ्याकडे बघशील? फक्त बघ. मी कुठे चुकतेय ते सांग."

मी आठवडाभर तिच्या मागे स्टुलावर बसले. तिचे हात उत्तम होते. खरं तर मी पाहिलेल्यांत सगळ्यांत चांगले. मी तिला पिशव्या सोडवायला शिकवलं, कारण ते तिला येत नव्हतं. मी दोन वर्षांत शिकले ते ती त्या आठवड्यात शिकली. मधे मधे आम्ही कुरकुरीत पावावर ट्यूबमधला माशांच्या अंड्यांचा लगदा पिळून खायचो. ती आईबद्दल बोलायची. आई दर शरद ऋतूत दलदलीतून पिवळी बेरी वेचून मुरंबा पाठवायची. एक बरणी माझ्यासाठीही आली.

"हात चांगले आहेत तुझे," आठवड्याच्या शेवटी मी म्हणाले. "चूक तुझी नाही."

तिने मान फिरवली. नाक पुसलं. "मग कुणाची?"

मी सुई पुसून डबीत ठेवली.

"मायकेन, एक विचारू? ते मूळ वाण संकरून बघितलं तर? फोल्के म्हणतो त्याचा संकर होतच नाही, बीजाणू धरत नाहीत, वेळ फुकट जाईल. तू तर पहिल्यापासून आहेस इथे. तू कधी करून पाहिलंयस?"

खिडकीखाली काचेची भांडी सुकत होती. मी एक उचललं, पालथं घातलं, पुन्हा उचललं.

"फोल्के म्हणतो तर नसेल होत," मी म्हणाले.

तिने श्वास आत ओढला. होय.

मी तेव्हा असं का म्हणाले, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. भीती म्हणाल तर नव्हती. नोकरी पक्की होऊन एकोणीस वर्षं झालेल्या बाईला आमच्याकडे कुणी काढत नाही. उपकार म्हणाल तर तेही आता नव्हते. पोरगं मोठं होऊन ऑस्लोला गेलं होतं आणि फोल्के माझा वाढदिवससुद्धा विसरायचा. खरं कारण क्षुद्र होतं. बोलले असते तर पहिला प्रश्न आला असता की इतकी वर्षं गप्प का होतीस? १९९७मध्ये बोलणं सोपं होतं. २००५मध्ये अवघड. आता तर जमण्यातलंच राहिलं नव्हतं. आणि दर वर्षी मी स्वतःला हेच सांगत होते की पुढच्या वर्षी बघू.

२०१७च्या जुलैत सगळं शहर नेहमीप्रमाणे रिकामं झालं. मी बेटावरच्या माझ्या खोपट्यात होते, नवे बटाटे खरवडत. भर दुपारी फोन वाजला.

"मायकेन! होतो! संकर होतो! झकास होतो!" इल्वा ओरडत होती. "मी कुणाला न विचारता केला. सगळे सुट्टीवर आहेत ना, म्हटलं कोण बघतंय. चाळीस पिशव्या सोडवल्या. आणि ऐक, बसलीयेस का? चारातली एक! मिठात चारातली एकच जगते! दोन जनुकं आहेत गं! एकाचं काही चालत नाही, दोन्ही गेली की मगच. आणि वाढ मंदावते ती फाटकामुळे नाहीच. म्हणजे मी... म्हणजे माझे हात..."

"अरे वा," मी म्हणाले.

"पहिलं तुला सांगतेय. आईलाही नाही सांगितलं अजून."

बटाटे पाण्यात होते. मी फोन ठेवला आणि ते सगळे खरवडून संपवले. मला एकटीला लागणार नव्हते इतके.

फोल्के ऑगस्टमध्ये परतला. मला वाटलं होतं तो आरडाओरडा करेल. नाही. तो म्हणाला, "फार रंजक आहे. फार. पण घाई नको. आणखी साठ पिशव्या कर, दुसरं जनुक कोणतं ते वाचून काढ, मग तिसऱ्या वाणात पडताळ. माझं नाव आहे यावर, तुझंही असणार आहे. भक्कम करू." म्हणून आणखी साठ पिशव्या झाल्या, तीस इल्वाने केल्या, तीस मी. जनुक सापडलं. तिसऱ्या वाणात पडताळायला फोल्केने हिवाळाभर लावला. दर वेळी त्याला आणखी एक ताटली बघायची असायची.

फेब्रुवारीत बेल्जियममधल्या एका गटाचा लेख छापून आला. त्यांनी दोन वर्षांपूर्वी आमच्याकडून वाण मागवलं होतं. आणि आमच्याकडून आलेलं वाण जगतं, आपण केलेलं मरतं, एवढ्यावर ओशाळून न बसता त्यांनी दोन्हींचा संकर केला होता. दोन जनुकं, दोन्हींची नावं, ताटल्यांचे फोटो. चारातली एक. इल्वाच्या हातात होतं ते सगळं, एकूण एक.

त्याच अंकात फोल्केचं एक पान होतं. संपादकांनी त्याच्याकडून मागवलेलं. जुन्या निष्कर्षात दुरुस्ती झाल्याचा त्याला आनंद होता. जनुकं एकेकटी वागत नाहीत हेच यातून दिसतं. विज्ञान असंच पुढे जातं. पान सुरेख लिहिलं होतं. त्यात आमच्या प्रयोगशाळेत हेच काम झाल्याचा एक शब्द नव्हता. "तसं लिहिणं रडकं दिसलं असतं," तो इल्वाला म्हणाला.

डॉक्टरेटला आता नवीन असं काही उरलं नव्हतं. अर्धी पदवी घे, असं फोल्केने सुचवलं. आमच्याकडे तशी सोय आहे. त्यासाठी तिला वाणाचा इतिहास लिहायचा होता. त्यासाठी ती तळघरात गेली, जिथे जुन्या नोंदवह्या ठेवलेल्या असतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती वर आली. मी सुईवर होते. तिने वही माझ्या मायक्रोस्कोपशेजारी उघडी ठेवली.

"हे तुझं अक्षर आहे."

मी पाहिलं. "हो."

"बावीस पिशव्या."

"हो."

"मी तेव्हा शाळेत होते, मायकेन. दुसरीत."

मी उठले. म्हणाले, "चल, त्याच्याकडे जाऊ." मला वाटलं, निदान एवढं तरी करीन.

फोल्केने वाचायचा चष्मा लावला, पान वाचलं, वही हळूच मिटली. "मायकेनला तेव्हा असं वाटलं असेल," तो म्हणाला. "ती फार बारकाईने बघायची. पण मला काही सांगितलेलं आठवत नाही."

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "याच खोलीत. तू ताटल्या खिडकीपाशी नेल्यास. मग स्वतः कचऱ्यात टाकल्यास."

"मायकेन." त्याचा आवाज इतका मऊ होता, की पोराला पाळणाघरातून आणताना तो त्याच्याशी असाच बोलायचा ते मला आठवलं. "बावीस वर्षं झाली गं. तुझा हात तेव्हा मोडलेला होता, नवरा गेलेला, तू धड झोपत नव्हतीस. मी तुला दोष देत नाही. कुणाच्याही आठवणीत असं काहीतरी तयार होतं."

"माझी आठवण नाही, कागद आहे तो."

"कागदावर तू काय लिहिलंस ते आहे. मी काय ऐकलं ते नाही."

मी इल्वाकडे वळले. माझी अपेक्षा होती की ती माझ्या बाजूने काहीतरी बोलेल. मी खरं बोलले होते, साक्षीदारासमोर, पहिल्यांदा.

ती फोल्केकडे बघतही नव्हती.

"तो असाच आहे," ती मला म्हणाली. "मला दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं. पण मी तुला विचारलं होतं, मायकेन. सरळ विचारलं होतं. आणि तू एक भांडं उचललंस, पालथं घातलंस."

फोल्के टेबलावरचे कागद सारखे करत होता.

"तीन वर्षं मी रोज सकाळी ट्राममध्ये माझे हात बघत होते," इल्वा म्हणाली. "काय बिघडलंय यांच्यात म्हणून. आणि तुला माहीत होतं."

वही तिथेच ठेवून ती गेली.

मी विद्यापीठाला अर्ज केला. दोन पानी, वहीच्या पानाची प्रत जोडून. दहा वर्षांहून जुन्या गोष्टींची चौकशी होत नाही, असं तीन ओळींचं उत्तर आलं. भाषा सौजन्याची होती. इल्वाने जूनमध्ये अर्धी पदवी घेतली आणि उत्तरेला परत गेली. जायच्या दिवशी ओव्हेने तिच्यासाठी कॉफी केली आणि चीज शोधायला चार दुकानं हिंडला. तिने ते घातलं, प्यायली, त्याला मिठी मारली. मला हात दिला.

पुढच्या वसंतात मी निवृत्त झाले. कोळंबीचा केक होता. फोल्केने भाषण केलं, मायकेनच्या हातांशिवाय ही प्रयोगशाळा उभी राहिली नसती, असं म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातात काचेचा पेला होता, मनात चार वाक्यं तयार होती. मी आभार मानले आणि खाली बसले. ओव्हे माझ्याकडे बघत राहिला. तो त्यानंतर माझ्याशी फारसा बोलला नाही.

इल्वाला मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, एका ओळीचं: "गुरुवारी एक ते दोन मला जेवणाची सुट्टी असते."

ती लुलेओमध्ये नगरपालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली होती. मी दोन गाड्या बदलून गेले. गुरुवार, म्हणजे आमच्या देशातल्या रिवाजाप्रमाणे जेवणघरात वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. तिने दोघींसाठी ट्रे आणले. केस कापले होते. बरी दिसत होती. नळांतले जंतू मोजते म्हणाली, माणसं चांगली आहेत, चार वाजता घरी जाते.

"इल्वा, मी माफी मागायला आले."

"हो. तू तसं पत्रात लिहिलं होतंस." ती सूप पीत होती. "तिन्हींत."

बराच वेळ आम्ही खात होतो. म्हणजे ती खात होती.

मग ती अचानक म्हणाली, "त्या बेल्जियन लोकांनी एक गोष्ट विचारलीच नाही, लक्षात आलं का तुझ्या? दुसरं जनुक एकटं मोडलं की वाढ निम्म्यावर येते. मग फाटकही काढलं तर वाढीत काही फरक पडतो का? पडत नाही. होती तेवढीच राहते. वर मिठात जीव वाचतो. म्हणजे दुसऱ्याने काहीतरी आधीच बंद केलेलं असतं, आणि मग फाटकाचं असणं ओझं होऊन बसतं. कशाचं ओझं?"

तिचे डोळे तीन वर्षांपूर्वीच्या फोनवरच्या आवाजासारखे झाले होते. मला राहवलं नाही. मी पुढे वाकले.

"कशाचं? तुला काय वाटतं?"

"माझ्याकडे उत्तर आहे. करून बघायला एक वर्ष लागलं असतं."

"मग लिही ना कुणाला तरी. बेल्जियमला लिही. मी पिशव्या सोडवते. माझा हात अजून चांगला आहे. कुठेही येईन, फुकट करीन."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती बघत होती ती एखाद्या ताटलीकडे बघतात तशी, उगवलंय की नाही ते.

"नको," ती म्हणाली. "तू बघितलेलं तू मला सांगशील की नाही, ते मला कसं कळणार?"

भिंतीवरच्या घड्याळात दोनला सात मिनिटं कमी होती. तिने तिचा वाडगा, चमचा, पेला ट्रेवर नीट रचला. स्टेशनची बस समोरूनच मिळते, वीस मिनिटांनी, आत थांबलीस तर बरं, बाहेर वारा आहे, असं तिने मला सांगितलं. मग ती ट्रे घेऊन उठली आणि नमुने तपासायला आत गेली.